सरकारी आत्या

आमच्या जिल्ह्याच्या बालकल्याण कचेरीची मोटरसायकल गेली बारा वर्षं विटांवर उभी आहे. तिच्या टाकीत गांधीलमाश्यांनी घर केलंय आणि सीटवर कोंबडी अंडी घालते. त्यामुळे सरकारचं हे काम माझ्या भाड्याच्या मोटरसायकलवरून चालतं. मी मुबिरू. चालवणारा मी, मागे बसणाऱ्या गोरेट्टी नाकिबुलेबाई. जिल्ह्यात टाकलेली, हरवलेली, पळालेली, मार खाल्लेली जेवढी म्हणून पोरं आहेत, ती सगळी या एका बाईच्या नावावर. त्यांच्या हाताखाली कुणी नाही. डोक्यावर मात्र सात साहेब आहेत.

बाई अंगानं भरलेल्या. एका बाजूला पाय सोडून बसतात, मांडीवर फायलींची पिशवी, पिशवीवर धूळ बसू नये म्हणून प्लास्टिक. चढावर गाडी कण्हायला लागली की मागून आवाज येतो,

"मुबिरू, गाडी कण्हतेय की तू?"

"दोघंही, बाई."

"मग एकानं तरी गप्प बसा."

अकरा वर्षं हे असंच चाललंय. आमचं लग्न झालं असतं तर एवढं टिकलं नसतं.

त्यांना सगळे 'सरकारी आत्या' म्हणतात. हे नाव पडलं भांडणातून. एका माणसानं तेरा वर्षांच्या मुलीची शाळा सोडवून तिचं लग्न ठरवलं होतं. बाई त्याच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. तो खवळला. आमच्यात मुलीच्या लग्नाबिग्नात आत्याचा शब्द शेवटचा असतो, बापसुद्धा तिच्यापुढे मान खाली घालतो. म्हणून तो ओरडला, "तू कोण लागून गेलीस? तिची आत्या?" बाई म्हणाल्या, "हो. सरकारनं नेमलेली. बसायला चटई आण." तो इतका चक्रावला की त्यानं खरंच चटई आणली. ती मुलगी आज नर्स आहे.

काम करायची त्यांची रीत वेगळी. कुणाच्या घरी गेल्या की दिलेल्या खुर्चीवर बसत नाहीत, थेट मागच्या स्वयंपाकघरात शिरतात. भांडी किती, पानं किती मांडलीत ते पाहतात. जेवणाची वेळ गाठून जातात आणि मूल कुठं बसतं ते बघतात. चटईच्या मधोमध बसलं तर ठीक. दाराशी बसलं तर बाईंच्या कपाळावर आठी. फाईल आधी पेन्सिलीनं लिहितात, शाई तिसऱ्या भेटीनंतर. "पहिल्या भेटीत घरचे खोटं बोलतात, दुसऱ्या भेटीत शेजारी. तिसऱ्या भेटीपर्यंत दोघांनाही कंटाळा येतो," असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या हातून चुका होत नाहीत असं मात्र नाही. एक चूक तर अशी झाली की तिच्यात मीही बरोबरीचा वाटेकरी. तीच सांगतो.

नोव्हेंबरचे दिवस होते, नाकतोड्यांचा हंगाम. आकाशातून हिरवे नाकतोडे उतरत होते आणि सगळा जिल्हा पंख-तंगड्या तोडून कांद्यावर तळून खात होता. अशात सरोवरावरच्या मासळीच्या धक्क्यावरून झैतुनी नावाची बाई एका मुलीला हाताला धरून कचेरीत आली. मुलगी सात वर्षांची, अंगात मोठ्या माणसाचा स्वेटर.

"हिची आई तापानं गेली, तीन महिने झाले," झैतुनी म्हणाली. "आमची झोपडी शेजारी, म्हणून मी ठेवली. पण माझा नवरा आता बेटांवर चाललाय, मलाही जायचंय. तिथं हिचं काय करू?"

"बाप?"

"दोन वर्षांमागं होडी उलटली."

"आईचं नाव?"

"नालोंगो."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. जुळ्यांच्या आईला आमच्यात नालोंगो म्हणतात. मोठा मान आहे तो, पण तो एकदा मिळाला की बाईचं स्वतःचं नाव कुणी घेत नाही. बापाला सालोंगो. आणि जुळ्यांच्या पाठीवर जे मूल होतं ते किझा. मुलीचं नाव तेच, किझा. म्हणजे घरातल्या तिघांचीही नावं अशी, की हाक मारली तर प्रत्येक गावात चारजण वळून बघतील. एरवी आमच्यात नुसत्या नावावरून कूळ कळतं, कुळावरून गाव. इथं काहीच कळेना.

"आणि ती जुळी?"

"तान्हेपणीच गेली म्हणे. धक्क्यावर यायच्या आधी."

किझाला सिस्टर पासकाझियांच्या आश्रमात ठेवलं. तिथं मुलं ठेवता येतात ती थोड्या दिवसांपुरती. न्यायाधीशबाईंनी मुदत दिली जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारपर्यंत. तोवर नातलग सापडला नाही, तर मुलीला कंपालाच्या मोठ्या अनाथगृहात पाठवायचं. तिथं अडीचशे पोरं. बाईंनी आजवर तिथं नऊ मुलं पाठवली होती आणि त्या नवांपैकी एकाचाही नातलग पुढे कुणी शोधला नव्हता. ती नावं त्यांना पाठ आहेत. कधीकधी गाडीवर मागे बसून पुटपुटतात, मला वाटतं जपमाळ ओढतायत.

"ही दहावी होता कामा नये, मुबिरू."

मुलगी तर बोलेना. आठवडाभर हूं की चूं नाही. मग एका दुपारी आम्ही आश्रमात गेलो तेव्हा नाकतोडे तळून झाले होते, पोरांची झुंबड उडाली होती. सिस्टरनी मूठभर किझापुढे धरले. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि स्पष्ट म्हणाली,

"आमच्यात खात नाहीत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी बाईंकडे. आमच्या प्रत्येक कुळाला देवक असतं आणि आपलं देवक कुणी खात नाही. माझं देवक मांबा मासा. सरोवराकाठी जन्म गेला, पण त्याचा रस्सा चाखला नाही. तेव्हा नाकतोडे न खाणारी मुलगी म्हणजे नाकतोड्याच्या कुळातली, हे शेंबडं पोरही सांगेल.

"सापडली!" मी म्हणालो.

"गाडी काढ," बाई म्हणाल्या.

मग आम्ही फिरलो. रेडिओवरून सांगितलं, नाकतोड्याच्या कुळातला कुणी सालोंगो सरोवरात बुडाला असेल तर त्याच्या माणसांनी कळवावं. चर्चमध्ये वाचून दाखवलं, मशिदीत सांगितलं. कुळातल्या एकेका वडीलधाऱ्याचं दार गाठलं. त्यातले मोठे यॉझेफू आजोबा, कुळाची वही त्यांच्याकडे. कुणाला कोण झालं ते चार पिढ्यांचं तिच्यात लिहिलेलं. चष्मा पुसून, बोट फिरवून त्यांनी दोन तास वही पाहिली.

"आमच्या कुळातला एकही मुलगा बुडालेला नाही, पोरी," ते म्हणाले. "जुळ्यांचे बाप सहा आहेत. सहाही जिवंत. त्यातला एक तर मेला तरी चालेल असा आहे, पण तोही जिवंत आहे."

एक गृहस्थ मात्र पुढे आला. म्हणाला, "कुळाची मुलगी आहे ना? द्या मला. बायकोला हाताखाली कुणीतरी हवंच होतं." बाई उठून त्याच्या स्वयंपाकघरात गेल्या. त्याच्या स्वतःच्या चार मुली शाळेत होत्या आणि एक दूरची भाची चुलीशी राख काढत बसली होती. बाईंनी त्या भाचीचं नाव विचारून फाईल उघडली, म्हणजे गेलो एकीचं काम करायला आणि आलो दोघींचं घेऊन. परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "अशानं तुमचं काम संपायचं कसं?" त्या म्हणाल्या, "संपलं तर तुझं भाडं कोण देईल?"

नाताळ आला, गेला. नवं वर्ष लागलं. मंगळवारला आठ दिवस उरले आणि बाईंचं बोलणं कमी झालं. मला त्यांच्या शिव्या परवडतात, गप्प बसणं परवडत नाही. अनाथगृहाचा अर्जसुद्धा त्यांनी भरून ठेवला होता. पेन्सिलीनं.

त्या दिवशी आश्रमात गेलो, तर किझा शेंगा फोडत बसली होती. बाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि शेंगा फोडू लागल्या. फोडता फोडता सहज म्हणाल्या, "नाकतोडे खाऊ नयेत हे तुला कुणी सांगितलं गं?"

"आईनं."

"बाबाही खात नव्हते ना?"

"बाबा खायचे की. आई त्यांना बाहेर वेगळ्या तव्यावर तळून द्यायची. मग हात धुवायची."

बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग त्यांनी स्वतःच्या कपाळावर असा हात मारला की सिस्टर पासकाझिया आतून धावत आल्या.

काय झालं होतं ते सांगतो. आमच्यात मूल बापाच्या कुळाचं, हे उजाडलं की सूर्य दिसावा तितकं उघड. आईचं देवक आईपुरतं. मूल एखादी गोष्ट खात नाही म्हटलं की ती बापाची, यापलीकडे आमच्या डोक्यात विचार येतच नाही. माझ्या आला नाही, आजोबांच्या आला नाही आणि अकरा वर्षं पोरांची घरं शोधणाऱ्या बाईंच्याही आला नाही. बाप गेल्यावर पोर आईच्या ताटात जेवली आणि आईचं व्रत तिनं उचललं, एवढी साधी गोष्ट. ती कळायला आम्हाला पाच आठवडे लागले.

"मी अक्कलशून्य आहे, मुबिरू," बाई गाडीवर चढता चढता म्हणाल्या. "मामाकडं बघितलंच नाही. बापाच्याच बाजूला उकरत बसले."

"मीही सापडली म्हणून ओरडलोच होतो की."

"तुझी अक्कल मी धरतच नाही. चल."

आजोबांच्या वहीत लेकींची मुलं नसतात, ती दुसऱ्या कुळांच्या वह्यांत जातात. पण प्रश्न बरोबर विचारल्यावर त्यांना वहीची गरजच पडली नाही. जुळी झाली की आमच्यात दोन्हीकडची माणसं जमतात, नाचतात आणि एरवी तोंडातून काढता येणार नाहीत अशी गाणी म्हणतात. असा समारंभ कोण विसरेल?

"जुळी झालेली आणि नवऱ्यामागं सरोवरावर गेलेली लेक?" आजोबा म्हणाले. "रेस्टी! गेरवाझियोची बहीण. अगं, मी नाचलो होतो त्या दिवशी. कंबर धरली होती, दोन माणसांनी उचलून घरी नेलं मला. ती जुळी जगली नाहीत, बिचारी. कशी आहे रेस्टी?"

बाईंनी तापाचं सांगितलं. आजोबांनी चष्मा काढला.

गेरवाझियोचं घर टेकडीवर, चार तासांच्या वाटेवर. भोवती केळी, मागे कॉफी. पन्नाशीचा, दणकट, कमी बोलणारा माणूस. बहीण गेली हे त्याला आमच्याकडून कळलं. बाईंनी आडवळण न घेता सांगितलं. तो उभा होता तो कोयता हातात तसाच घेऊन ओट्यावर बसला. त्याच्या बायकोनं मोठ्यानं रडायला सुरुवात केली. तो रडला नाही. म्हणाला,

"मीच तिला म्हणालो होतो, त्या माणसाबरोबर सरोवरावर गेलीस तर परत येऊ नकोस. जुळी नुकतीच गेली होती. माझं डोकं फिरलं होतं. बोललो आणि ती गेली. मला वाटायचं, रागावलीय, येईल."

बाईंनी मुलीचं सांगितलं. मंगळवारचंही सांगितलं.

तेव्हा मात्र त्यानं मान हलवली. "ती त्यांची आहे, बाई. आमच्या कुळाची नाही."

"त्यांचं कोण आहे?"

"कुणी नाही. एक म्हातारा होता, तोही वारला. पण म्हणून मी दुसऱ्या कुळाचं मूल उचलून आणू? उद्या कुणी दारात उभा राहिला, आमची मुलगी चोरलीस म्हणाला तर? तिच्या लग्नात बोलणारं कोण? ती मेली तर पुरायची कुठं? तुम्ही कागद द्याल. कागदाला माती कोण देणार?"

खोटं नव्हतं ते. बाईंनी तर अशी उत्तरं शंभर घरांत ऐकलेली.

"दादा," त्या म्हणाल्या, "धक्क्यावर नोव्हेंबरात सगळे नाकतोडे खातात. तुमच्या बहिणीला तिथं विचारणारं कुणी नव्हतं, तुमच्या कुळातलं पाहणारं कुणी नव्हतं. नवऱ्याला तळून द्यायची आणि हात धुवायची. तुम्ही घर बंद केलंत, तरी तिनं तुमचं देवक मोडलं नाही. वर पोरीलाही शिकवलं. तिच्यावर तशी सक्ती होती का?"

गेरवाझियोनं कोयत्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला. बायको पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आणा हो. मी बघेन." तो तिच्यावर खेकसला, "मी नाही म्हणालो का अजून?" पण हो सुद्धा म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, "वडीलधाऱ्यांना विचारावं लागेल."

"मंगळवारी नऊ वाजता कोर्ट उघडतं," बाई म्हणाल्या.

वाटेत मी विचारलं, "येईल का?" त्या म्हणाल्या, "मला काय माहीत? मी आत्या आहे, ज्योतिषी नाही."

मंगळवारी नऊ वाजले, दहा वाजले. किझा धुतलेल्या फ्रॉकमध्ये कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती, शेजारी तिची पिशवी. कंपालाच्या अनाथगृहाची गाडी झाडाखाली उभी होती. ड्रायव्हर चाकं तपासत होता. साडेदहाला शिपायानं किझाचं नाव पुकारलं आणि बाई उठल्या. मला त्यांच्याकडे बघवेना. अर्जावरच्या पेन्सिलीवरून त्यांनी शाई फिरवली होती.

आत जाऊन त्या न्यायाधीशबाईंना म्हणाल्या, "एक तास द्या." न्यायाधीशबाई म्हणाल्या, "नाकिबुले, तुम्ही दर वेळी तास मागता." तरी दिला.

सव्वाअकराला मसाक्याहून, त्या टेकडीच्या बाजूनं येणारी बस थांबली. आधी गेरवाझियोची बायको उतरली, मग तो स्वतः लग्नाकार्यातला पांढरा अंगरखा घालून, आणि त्याच्या हाताला धरून यॉझेफू आजोबा. कंबर धरून, एकेक पायरी, शिव्या देत. त्यांनी कुळाची वही काखेत आणली होती.

आत काय झालं ते मी दारातून ऐकलं. आजोबांनी न्यायाधीशबाईंना सांगितलं, मुलीचं कूळ बापाचं तेच राहील, ते आम्ही बदलत नाही आणि बदलू देणार नाही. तिचे कुणी आले तर आमच्या अंगणात त्यांना चटई मिळेल. पण तोवर ती मामाच्या घरी वाढेल. ती गेली तर तिला माती आम्ही देऊ, आणि लग्न झालं तर नाचायलाही आम्हीच येऊ, मी तेवढा वगळून. हे वहीत लिहिलंय, हे बघा. आमच्या वहीत लेकीच्या मुलीचं हे पहिलं नाव. न्यायाधीशबाईंनी वही हातात घेऊन वाचली आणि सही केली.

बाहेर आल्यावर गेरवाझियो बाकापुढे उभा राहिला. एवढा मोठा माणूस, पण हातांचं काय करावं त्याला कळेना. शेवटी म्हणाला, "मी तुझा मामा."

किझानं वर पाहिलं. "मला माहितीय. आई म्हणायची, मामा येईल."

"कधी म्हणायची?"

"रोज. तुमच्याकडं कॉफी आहे. फणस आहे. आईला त्या फणसावरून तुम्ही उतरवलं होतं."

गेरवाझियोनं तोंड फिरवलं आणि भिंतीकडे बघून रडला. टेकडीवर राहिलेलं सगळं तिथं रडला.

गोरेट्टीबाई मात्र जागच्या जागी थिजल्या होत्या. "किझा," त्या हळूच म्हणाल्या, "तुला मामाचं माहीत होतं? मग मला का नाही सांगितलंस, बाळा?"

"तुम्ही बाबांच्या माणसांचंच विचारत होतात."

आमच्यात बाई गुडघे टेकते ती थोरामोठ्यांसमोर. लहान पोरं आमच्यासमोर टेकतात, आम्ही त्यांच्यासमोर कधीच नाही. पण त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात, शिपाई आणि वकील बघत असताना, आमच्या अंगानं भरलेल्या सरकारी बाई सात वर्षांच्या मुलीसमोर दोन्ही गुडघ्यांवर बसल्या.

"चुकले, पोरी," त्या म्हणाल्या. "पाच आठवडे तू वाट पाहत होतीस आणि मी नको तिथं शोधत होते. माफ कर."

किझा गोंधळली. मोठं माणूस समोर बसलंय म्हटल्यावर तिला शिकवलेलं एकच ठाऊक होतं. ती बाकावरून उतरली आणि तीही गुडघ्यांवर बसली. दोघी तशाच एकमेकींसमोर, कुणीच उठेना, कारण आधी उठायचं कुणी हे कुठल्याच रीतीत सांगितलेलं नाही. शेवटी मामाच डोळे पुसत पुढे आला. त्यानं एका हातानं भाचीला उचललं, दुसऱ्या हातानं बाईंना आधार दिला आणि म्हणाला, "उठा आता दोघी, बाराची बस सुटेल."